रिकाम्या पुंगळ्यांचा हिशेब

(अंबाजोगाई येथे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मृतीसाठी हे व्याख्यान आहे त्या बाई आम्हाला शाळेत गणित शिकवायच्या आणि बाईंनीच आम्हाला बंदूक शिकवली. यातल्या पहिल्या गोष्टीबद्दल या व्याख्यानमालेत पूर्वी बरंच बोललं गेलं आहे. बाईंच्या हाताखालून गेलेले अभियंते, प्राध्यापक, बँकेतले अधिकारी याच व्यासपीठावर येऊन गेले. दुसऱ्या गोष्टीबद्दल मात्र कुणी सविस्तर बोललेलं नाही. आज मी त्याबद्दलच बोलणार आहे. गेल्या वर्षा-दोन वर्षांत आपल्या बीड जिल्ह्याचं नाव देशभर ज्या कारणांनी घेतलं गेलं, त्यात बंदूक हे एक कारण आहे. ज्यांनी बंदूक नीट शिकून घेतली त्यांनी अशा वेळी गप्प बसणं मला योग्य वाटत नाही.

1975 च्या सुमाराची गोष्ट. आम्ही आठवी-नववीत होतो. शाळेत मुलींची एन.सी.सी. सुरू झाली होती आणि बाई तिच्या अधिकारी होत्या. एन.सी.सी. ही संघटना 1948 च्या कायद्याने स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिच्यात मुलींचा विभाग सुरू झाला. कागदावर मुलींना तेव्हापासून वाट मोकळी होती. पण मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी खाकी पँट घालून मुलीने रस्त्याने चालत जायचं म्हणजे घराघरांत वाद. माझ्या आजीने तर दोन दिवस माझ्याशी बोलणंच सोडलं होतं. बाई संध्याकाळी घरोघर गेल्या, ओसरीवर बसल्या, चहा घेतला आणि आयांना समजावलं. वडिलांना समजावण्याची वेळ फारशी आली नाही, कारण आया तयार झाल्या की वडिलांचा विरोध बहुधा तिथेच मावळायचा. बाईंचा स्वतःचा पोशाखही नऊवारीतून पाचवारीत आणि पाचवारीतून खाकीत आलेला. त्यामुळे त्या बोलायच्या तेव्हा ऐकणाऱ्याला त्यात उपदेश वाटत नसे.

बटालियनकडून हवालदार उस्ताद यायचे. ते हिंदीत शिकवायचे आणि बाई शेजारी उभं राहून तेच मराठीत, आमच्या घरच्या भाषेत सांगायच्या. आमच्या हाती आलेलं पहिलं हत्यार म्हणजे प्वॉइंट टू टू रायफल. लाकडी दस्ता, बोल्ट हाताने मागे-पुढे करायचा, एका वेळी एक काडतूस नळीत सरकवायचं. लष्करातल्या रायफलींच्या मानाने ती लहान आणि हलकी, पण तेरा-चौदा वर्षांच्या हाताला ते वजन पुरेसं जाणवतं. आम्हाला वाटलं होतं, रायफल आली म्हणजे लगेच बार काढायला मिळणार. प्रत्यक्षात बराच काळ आमच्या वाट्याला काडतूस आलंच नाही. आधी रायफल उघडायची, तिचे भाग ओळखायचे, पुल-थ्रूच्या दोरीला चिंधी लावून नळीतून ओढायची, नळी डोळ्यासमोर धरून उजेडात आतली चकाकी पाहायची, तेलाचा हात फिरवायचा, पुन्हा जोडायची. उस्ताद ‘जाँच शस्त्र’ म्हणाले की बोल्ट मागे घेऊन नळी रिकामी असल्याचं दाखवायचं. समोरच्याने ती रिकामी आहे असं कितीही सांगितलं, तरी हातात घेणाऱ्याने आपल्या डोळ्यांनी पाहायचं. आणि नळीचं तोंड माणसाकडे कधीही करायचं नाही, रायफल रिकामी असली तरीही नाही. एका मुलीने थट्टेत मैत्रिणीवर नेम धरला. बाई तिला ओरडल्याचं मला आठवत नाही. त्यांनी तिच्या हातातून रायफल काढून घेतली, आणि त्या सत्रात ती पुन्हा तिच्या हाती आली नाही. त्या मुलीच्या डोळ्यांतलं पाणी पाहून आम्हाला नियम कायमचा कळला.

मग नेमाचा अभ्यास. सगळ्यात आधी आपला प्रमुख डोळा कोणता ते ओळखायचं. हात लांब करून अंगठा दूरच्या खांबावर धरायचा आणि एकेक डोळा मिटून पाहायचं. ज्या डोळ्याने पाहताना अंगठा जागेवर राहतो, तो आपला नेमाचा डोळा. आमच्यातल्या कित्येकींना डावा डोळा एकटा मिटताच यायचा नाही, त्यांच्या डोळ्यावर बाई रुमालाची घडी बांधायच्या. मागच्या साइटच्या बरोबर मध्ये पुढच्या साइटचं टोक आणि त्या टोकावर लक्ष्याच्या काळ्या वर्तुळाची खालची कड, हे तिन्ही एका रेषेत आणायचं. नजर मात्र एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकते. तेव्हा ती पुढच्या साइटच्या टोकावर ठेवायची, लक्ष्य थोडं पुसट दिसलं तरी चालेल. नवशिक्याला नेमकं हेच जड जातं, त्याला लक्ष्याकडेच पाहावंसं वाटतं. बाई गणिताच्याच आवाजात सांगायच्या की लक्ष्य कुठे पळून जात नाही, हलतेस ती तू. साइटच्या टोकात केसाएवढा फरक पडला तर पंचवीस यार्डांवर तो किती मोठा होतो, हे त्यांनी समरूप त्रिकोण काढून फळ्यावर मांडलं होतं. समरूप त्रिकोणाचा खरा उपयोग मला त्या दिवशी कळला. परीक्षेत त्यावर कितीही गुण मिळाले असते तरी तो तसा कळला नसता.

आणि श्वास. छाती भरून घ्यायची, अर्धा श्वास सोडायचा, थांबायचं आणि त्या थांबलेल्या क्षणात चाप दाबायचा. चाप ओढायचा नाही, झटका द्यायचा नाही. आमच्यातल्या बहुतेक मुलींच्या घरी गाई-म्हशी होत्या. बाई म्हणायच्या, धार काढताना सडाला देता तसा दाब द्या, सावकाश, वाढता, न थांबता. बार केव्हा उडाला हे तुम्हालाही आधी कळता कामा नये, कारण आधी कळलं की खांदा दचकतो आणि गोळी भरकटते. उस्तादांचा ‘पहला दबाव, दूसरा दबाव’ हा धडा अशा रीतीने आम्ही आमच्या गोठ्यातून शिकलो.

शेवटी रेंजवर जायचा दिवस आला. बालाघाटच्या उताराशी मुरमाचा उंच बांध होता, त्याला बट म्हणायचं. गोळी लक्ष्यातून पार झाली तरी त्या मुरमात रुतावी, यासाठी तो. दोन्ही बाजूंना लाल झेंडे लावले होते आणि गुराख्यांनी इकडे येऊ नये म्हणून टेकडीवर पहारा होता. बटालियनचा एक माणूस फक्त त्या पहाऱ्यासाठी दिवसभर उन्हात उभा राहिला. कशासाठी, हे बाईंनी आदल्या दिवशी वर्गात सांगितलं होतं. प्वॉइंट टू टूची गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास असते, करंगळीच्या नखाएवढी. पण अडवलं नाही तर ती दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. दीड किलोमीटरमध्ये किती घरं, किती विहिरी, किती शेतात वाकलेली माणसं येतात, याची यादी त्यांनी आमच्याकडूनच करून घेतली होती. माझ्या आठवणीत बंदुकीचं सगळ्यात महत्त्वाचं शिक्षण ते आहे. गोळी सुटल्यावर ती आपली राहत नाही, पण तिच्या वाटेत येणारं सगळं मात्र आपल्यावर येतं.

ग्राउंडशीटवर पालथं झोपलो. वाळूच्या पिशवीवर हात टेकला. कानात कापूस. ‘भर’ म्हटल्यावर काडतूस नळीत सरकवून बोल्ट पुढे करून खाली. ‘फायर’. प्वॉइंट टू टूचा खांद्याला फारसा धक्का बसत नाही. आवाजही फटाक्यापेक्षा कोरडा असतो. मला आठवतो तो नंतरचा वास. जळालेल्या दारूचा आणि तापलेल्या तेलाचा तो वास नाकात बसला तो आजतागायत. प्रत्येकीला पाच गोळ्या होत्या. लक्ष्याजवळ गेल्यावर आम्ही सगळ्या काळ्या वर्तुळात कुणाची किती छिद्रं पडली ते पाहू लागलो. बाईंनी मात्र कंपासपेटीतून कर्कटक काढला आणि पाचही छिद्रं मावतील एवढं लहानात लहान वर्तुळ काढायला सांगितलं.

याला ग्रुपिंग म्हणतात. ज्यांनी नेमबाजी केली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण मला हा विचार फार मोलाचा वाटतो. एखादीची पाचही छिद्रं मध्यापासून दूर, पण एकमेकांना चिकटून असतील, तर ती चांगली नेमबाज आहे. चूक रायफलच्या साइटमध्ये आहे आणि ती किल्ली फिरवून सुधारता येते. दुसरीचं एक छिद्र बरोबर मधोमध आणि उरलेली चारी दिशांना असतील, तर तिला अजून काही येत नाही, मधलं छिद्र योगायोगाचं आहे. पहिल्या दिवशी मुलीने मधोमध गोळी मारली म्हणून टाळ्या वाजवणाऱ्या शिक्षकाने तिचं नुकसान केलं असं समजावं. बाईंनी तिथे कुणासाठीही टाळ्या वाजवू दिल्या नाहीत. तुम्ही पाचही वेळा तसंच झोपलात का, तोच श्वास, तोच दाब दिलात का, एवढंच त्या तपासत होत्या.

त्यानंतर जे झालं त्यासाठी मी या व्याख्यानाला हे नाव दिलं. परत निघताना पुंगळ्यांचा हिशेब सुरू झाला. किती काडतुसं आणली, किती उडाली, किती उरली आणि किती रिकाम्या पुंगळ्या हाती आल्या. एक पुंगळी कमी भरली. रिकामी, पितळेची, कुणालाही काही इजा न करू शकणारी एक पुंगळी. ऊन उतरत होतं, ट्रक थांबला होता, घरी आया वाट पाहत असतील हे सगळ्यांना माहीत होतं. बाईंनी आम्हाला ओळीत उभं केलं आणि गवत वितभर वितभर चाचपायला लावलं. ती एका दगडाच्या फटीत सापडली. नोंदवहीत आकडा जुळला, बाईंनी सही केली, मगच ट्रक सुरू झाला. मला तेव्हा वाटलं होतं की हा सरकारी कारकुनी काच आहे. आज वाटतं, हत्यार हाती घेणाऱ्या माणसाला द्यायचा धडा याहून वेगळा नाही.

बाईंकडे हा हिशेब कुठून आला, त्याबद्दल मला बोलायचं आहे. आपण अंबाजोगाईत बसलो आहोत. निजामाच्या राज्यात या गावाला मोमिनाबाद म्हणत आणि हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी इथे होती. म्हणजे या गावाने बंदूक फार जुन्या काळापासून पाहिली, पण ती दुसऱ्याच्या खांद्यावर. इथल्याच योगेश्वरी शाळेत स्वामी रामानंद तीर्थ शिकवायला आले. संन्यासी आणि शिक्षक. 15 ऑगस्ट 1947 नंतर निजामाने भारतात सामील व्हायला नकार दिला, रझाकारांचा जोर वाढला, स्वामीजी तुरुंगात गेले. तेव्हा दिगंबरराव बिंदू, गोविंदभाई श्रॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संस्थानाच्या सरहद्दीबाहेर, भारताच्या हद्दीत कॅम्प उभे केले. त्या कॅम्पांत मराठवाड्यातली शिकलेली, न शिकलेली तरुण पोरं गेली. ज्यांनी आयुष्यात गोफणीपलीकडे काही हाती धरलं नव्हतं, ती रायफल शिकली. आपल्या बीडच्या घराघरांत अशा कुणा ना कुणा आजोबांची आठवण आहे. बाईंच्या घरातही होती. त्या कॅम्पांत शिकवणारे बहुधा लष्करातून आलेले असत आणि हत्यारं शिकणाऱ्यांपेक्षा कमी असत. एक रायफल आळीपाळीने.

30 जानेवारी 1948 रोजी, ज्या दिवशी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, नांदेड जिल्ह्यातल्या उमरीला स्टेट बँकेवर या स्वातंत्र्यसैनिकांनी हल्ला केला आणि लढ्यासाठी पैसा आणला. स्वामीजींच्या, गांधींच्या मार्गाने जाणाऱ्या संघटनेने शस्त्र का उचललं, यावर आपल्याकडे पुष्कळ वाद झाला आहे आणि व्हायलाही हवा. मला मात्र त्या प्रकरणातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्या पैशाचा हिशेब ठेवला गेला आणि तो पुढे सादर केला गेला. हातात बंदूक होती, राज्य मोडकळीला आलं होतं, विचारणारं कुणी नव्हतं, तेव्हाही हिशेब ठेवला गेला. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा आत शिरल्या आणि 17 सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. ती पोरं घरी आली आणि शेतीला लागली, शिक्षक झाली, वकील झाली. माझ्या ओळखीच्या एकाही स्वातंत्र्यसैनिक आजोबांनी आपल्या कमरेला पुन्हा पिस्तूल लावलं नाही. त्यांना ते मिळालं नसतं असं नाही. लावावंसं वाटलं नाही.

आता आजच्या बीडकडे येते. 9 डिसेंबर 2024 रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण झालं आणि त्यांना अमानुष मारहाण करून मारण्यात आलं. ती हत्या गोळीने झालेली नाही. पण तिच्यानंतर जिल्ह्यातल्या दहशतीचा जो तळ दिसू लागला, त्यात पिस्तुलं दिसली. हवेत गोळ्या झाडतानाचे तरुणांचे व्हिडिओ सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. या एका जिल्ह्यात शस्त्रांचे बाराशेहून अधिक परवाने असल्याचं बाहेर आलं आणि पुढे प्रशासनाने त्यातले शंभरावर परवाने रद्द केले. परवान्याची ही स्थिती, गावठी कट्टे त्याहून वेगळे. त्यांची नोंद कुठल्याच वहीत नसते.

या बाराशेंतले काही परवाने खरोखर गरजेचे असतील. दूरच्या वस्तीवरचे शेतकरी असतील, रोकड ने-आण करणारे असतील, माजी सैनिक असतील. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार त्या व्हिडिओतल्या हाताबद्दल आहे. मी ते व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिले, कारण बाईंच्या विद्यार्थिनीला तिथे आधी हात दिसतो, चेहरा नंतर. बोट आधीपासूनच चापावर असतं. नळी आधी जमिनीकडे, मग बाजूला उभ्या असलेल्या पोरांच्या पोटावरून फिरत आभाळाकडे जाते. झाडणारा गोळीकडे पाहत नाही, मोबाइलकडे पाहतो. आणि बार उडाल्यावर पुंगळी कुठे पडली याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. अशा माणसाला हे हत्यार कुणी शिकवलं नाही, एवढं मी खात्रीने सांगू शकते. त्याला ते फक्त मिळालं आहे.

हवेत झाडलेली गोळी खाली येते. वरातीत, मिरवणुकीत, वाढदिवसाला जे बार काढले जातात, त्यांच्या गोळ्या कुणाच्या पत्र्यावर, कुणाच्या अंगणात पडतात. मी लहान असताना आमच्या नात्यातल्या एका लग्नात ठासणीच्या बंदुकीचा बार निघाला आणि छर्रे शेजारच्या माळवदावर बसलेल्या मुलाच्या खांद्यात शिरले. तो वाचला, पण त्याचा तो हात पुढे कधी पूर्ण वर गेला नाही. नवरदेवाकडच्यांनी ‘चालायचंच’ म्हणून ते मिटवलं. आज कायद्याने ते मिटवता येत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यात 2019 मध्ये दुरुस्ती झाली आणि दुसऱ्याचा जीव धोक्यात येईल असा आनंदाचा गोळीबार हा वेगळा गुन्हा ठरला. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. एका माणसाला पूर्वी तीन शस्त्रं बाळगता येत, ती संख्या त्याच दुरुस्तीने दोनवर आणली. 2016 च्या शस्त्र नियमांत तर परवाना मागणाऱ्याने शस्त्रं आणि दारूगोळा सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षण पूर्ण करावं अशी तरतूद आहे. त्यात सुरक्षित हाताळणी येते, झाडण्याची रीत येते, घरात शस्त्र कसं ठेवायचं ते येतं. म्हणजे आमच्या बाईंनी आठवीतल्या मुलींना जे शिकवलं, ते आज कायद्याने प्रत्येक परवानाधारकाला यायला हवं. ज्या कुणाचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात जातो, त्याच्याकडून हे प्रमाणपत्र घ्या, आणि प्रमाणपत्र देणाऱ्याने त्याला खरोखर रेंजवर नेलं का, हे विचारा. नागरिक म्हणून माझी पहिली मागणी ही आहे.

ज्याला खरोखर येतं त्याचं मोल काय असतं, तेही आपल्याच जिल्ह्याने पाहिलं आहे. नोव्हेंबर 2020. आष्टी तालुक्यात सुर्डी, किन्ही, पारगाव जोगेश्वरी या भागात बिबट्याने थोड्याच दिवसांत माणसं मारली, त्यात एक लहान मूल होतं. कापूस वेचायला बायका जाईनात, मुलं घराबाहेर पडेनात. पिंजरे लागले, ट्रॅप कॅमेरे लागले, वनखात्याची पथकं उतरली. बिबट्या हद्द ओलांडून सोलापूरच्या करमाळा तालुक्यात गेला आणि तिथेही माणसं मारत राहिला. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली रीतसर परवानगी निघाली आणि शेवटी 18 डिसेंबरला बिटरगाव भागातल्या केळीच्या बागेत नेमबाज धवलसिंह मोहिते पाटील यांनी तो टिपला. त्या काळात आपल्या जिल्ह्यात परवान्याच्या बंदुका काही कमी नव्हत्या. पण केळीच्या दाट पानांत, आजूबाजूला माणसं असताना, चालत्या जनावरावर गोळी चालवायची तर कमरेला पिस्तूल असून भागत नाही. बिबट्याला मारावं लागलं याचं मला दुःख आहे, ते प्राणी आपल्या उसात राहायला आले त्याला कारणंही आपलीच आहेत. पण त्या गावांची सुटका हिशेबाने झाली, गर्दीने झाली नाही.

बाहेरच्या जगातलं एक उदाहरण देते. स्वित्झर्लंडमध्ये सैनिकी सेवेतले पुरुष आपली रायफल घरी ठेवतात. झुरिक शहरात दर सप्टेंबरला तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांची नेमबाजी स्पर्धा भरते, क्नाबेनशीसन तिचं नाव. 1991 पासून तिच्यात मुलीही उतरतात. एवढ्या बंदुका घरोघरी असलेल्या त्या देशानेही 2007 नंतर एक मोठा निर्णय घेतला. सैनिकांच्या घरी ठेवलेला दारूगोळा परत गोळा केला. रायफल घरी, काडतूस सरकारच्या कोठारात. बंदुकीची सवय असलेल्या समाजालाही कळलं की मोजायचं असतं ते काडतूस.

आणि आपला महाराष्ट्र. अंजली भागवत मुंबईत कॉलेजात असताना एन.सी.सी.तूनच रायफलकडे आल्या, संजय चक्रवर्तींसारखे प्रशिक्षक त्यांना मिळाले, आणि 2000 मध्ये सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत त्या पोहोचल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये जगज्जेतेपद मिळवलं. कोल्हापूरच्याच राही सरनोबत यांनी 2018 च्या आशियाई स्पर्धांत 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा शिक्षकाचा मुलगा स्वप्नील कुसाळे 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये 451.4 गुणांनी कांस्यपदक घेऊन उभा राहिला. सगळं कोल्हापूरकडेच का, असं विचारलं जातं. तिथे दुधाळीची रेंज आहे, पोरांना बघून शिकायला मोठी माणसं आहेत, हे त्याचं साधं कारण. आपल्याकडे अंगात पाणी नाही असं कुणी म्हणू नये. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लष्करात गेला, धावला आणि 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धांत स्टीपलचेसचं सुवर्ण घेऊन आला. ज्या मातीतून तो आला त्याच मातीतली पोरं आज भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात. त्यांना बंदुकीचं आकर्षण आहे, ते मी समजू शकते, मलाही होतं. ते आकर्षण शिकायच्या वाटेवर आणायला कुणीतरी ओसरीवर येऊन बसावं लागतं. आम्हाला बाई मिळाल्या.

म्हणून व्याख्यानमालेच्या समितीपुढे मी एक गोष्ट ठेवली आहे आणि ती आज सगळ्यांसमोर सांगते. दहा मीटर एअर रायफलला फार जागा लागत नाही. शाळेच्या जुन्या इमारतीत दोन वर्गांमधली भिंत पाडून मोठा हॉल केलेला आहे, तो लांबीला पुरतो. ती रायफल दारूवर चालत नाही, हवेच्या दाबावर चालते, साडेचार मिलिमीटरचा छर्रा असतो, आणि लक्ष्याच्या दहाव्या वर्तुळाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. अर्धा मिलिमीटर म्हणजे चांगल्या टोकाच्या पेन्सिलीने दिलेला बिंदू. त्या बिंदूवर रोज तासभर उभं राहणाऱ्या पोराच्या मनात काय बदलतं, ते मी स्वतःच्या अनुभवाने सांगू शकते. रागाच्या दिवशी नेम लागत नाही, खोट्या घाईत लागत नाही, कुणाला दाखवायला धरला तर अजिबात लागत नाही. भिंतीला लोखंडी पत्रा आणि छर्रे अडवणारी पेटी लागेल, उजेड लागेल, कुलपाचं कपाट आणि दोन किल्ल्या लागतील, ज्यातली एक मुख्याध्यापकांकडे राहील. मुली आधी, कारण मुलांना बोलावणं लागत नाही. खर्चाचा अंदाज समितीकडे दिला आहे, बाईंच्या कुटुंबीयांनी पहिल्या दोन रायफलींची जबाबदारी घेतली आहे.

शिकवायला माणसं हवीत. या सभागृहात मला निदान पाच-सहा माजी सैनिक दिसत आहेत. तालुक्यात याहून पुष्कळ आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ देता येत असेल तर कार्यक्रम संपल्यावर कृपया थांबा. दाराशी नववीच्या दोन मुली वही घेऊन बसल्या आहेत, त्यांना आपलं नाव, गाव आणि कोणता वार सोयीचा ते लिहून द्या.